रॅपमधील उसनवारी आणि स्वतःचा शब्द

रॅप म्हणजे गाणे नव्हे, ती नुसती बडबड होय, आणि तीही दुसऱ्याच्या तबकड्यांवर केलेली, असे मत आजही चांगल्या सुशिक्षित माणसांकडून ऐकावयास मिळते. या मतात अर्धे सत्य आहे. रॅपच्या पाठीमागे वाजणारे संगीत पुष्कळदा दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेतून घेतलेले असते हे खरे. परंतु जी कला उसन्या संगीतावर उभी राहिली, तिच्याच अंगणात 'तू दुसऱ्याचे शब्द उचललेस' हा सर्वांत मोठा अपमान ठरतो, ही गोष्ट टीकाकारांच्या लक्षात येत नाही. आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी विद्यार्थी वहीत रॅप लिहितात, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतात, जयंतीच्या कार्यक्रमात सादरही करतात. काय घेतले तर चालते आणि काय घेतले तर चोरी होते, हा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी उभा राहतो. त्याचे उत्तर या कलेच्या जन्मकथेत सापडते, म्हणून प्रथम तिकडे वळू.

ब्राँक्स हा न्यूयॉर्क शहराचा उत्तरेकडील विभाग. १९४८ पासून तेथे 'क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे' हा महामार्ग नांदत्या वस्त्यांच्या पोटातून काढण्यात आला. हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ज्यांना परवडले ते उपनगरांत गेले. मागे राहिले ते बहुतांशी काळे आणि प्वेर्टो रिकोहून आलेले गरीब लोक. १९७० च्या दशकात दक्षिण ब्राँक्समधील इमारती एकामागून एक जळत होत्या. काही घरमालक विम्याच्या पैशांसाठी स्वतःच आगी लावीत होते, आणि त्याच सुमारास काटकसरीच्या नावाखाली शहराची अग्निशमन केंद्रे बंद होत होती. अशा वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीच्या सभागृहात सिंडी कँपबेल या मुलीने एक नाचाचा कार्यक्रम ठेवला. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेण्यासाठी चार पैसे जमावेत, एवढाच हेतू. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजविणारा तिचा भाऊ क्लाइव्ह हा मूळचा जमैकातील किंग्स्टनचा, १९६७ साली न्यूयॉर्कला आलेला. लोक त्याला कूल हर्क म्हणत.

नाचणाऱ्यांना सबंध गाणे नको असते, गायन थांबून नुसता ढोल-ताशांचा ठेका उरतो तेवढाच भाग हवा असतो, हे हर्कच्या ध्यानात आले होते. हा भाग जेमतेम काही सेकंदांचा. म्हणून त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ठेका संपला की दुसरीवरचा तोच ठेका सुरू, तोवर पहिली सुई मागे नेऊन तयार. अशा रीतीने काही सेकंदांचा तुकडा पाहिजे तितका वेळ चालू लागला. जेम्स ब्राऊनच्या वाद्यवृंदाने वाजविलेला ठेका जेम्स ब्राऊनचाच राहिला, पण तो असा लांबविणे ही हर्कची करामत होती.

आता पुढची गोष्ट पहा. हर्क आपल्या तबकड्यांवरील कागदी चकत्या पाण्यात भिजवून काढून टाकीत असे. प्रतिस्पर्ध्याने डोकावून पाहिले तरी गाणे कोणाचे ते त्याला कळू नये! म्हणजे दुसऱ्याचे संगीत वापरणाऱ्या माणसालाही आपली निवड कोणी पळवू नये अशी काळजी होती. या विसंगतीला हसू येते खरे, पण हिप-हॉपमधील अस्सलपणाची पहिली व्याख्या तीत आहे. सामान सर्वांचे. ते कोणी शोधले आणि त्याचे काय केले, यावर माणसाची ओळख.

हर्कच्या सोबत ध्वनिक्षेपक घेऊन कोक ला रॉक हा मित्र उभा राही. तो आलेल्या मंडळींची नावे पुकारी, चार चुरचुरीत वाक्ये फेकी. या वाक्यांना यमके लागली, यमकांची कडवी झाली, आणि बोलणारा माणूस हळूहळू तबकड्या वाजविणाऱ्याच्या पुढे येऊन उभा राहिला. त्यालाच 'एमसी' म्हणू लागले. जमैकात ध्वनिवर्धकांच्या गाड्यांवर ठेक्यासोबत बोलण्याची रीत होतीच. अमेरिकेतील काळ्या मुलांत एकमेकांची यमकबद्ध टिंगल करण्याचा जुना खेळही होता. कलगी-तुऱ्याचे सामने ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. समोरच्या शाहिराने सवाल टाकला की जबाब जागच्या जागी आणि स्वतःचाच द्यावा लागतो.

दुसऱ्याचे कडवे वा दुसऱ्याची ढब उचलणाऱ्यास तेथे 'बायटर' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या घासाला चावा घेणारा. डिसेंबर १९८१ मध्ये हार्लेम वर्ल्ड या क्लबात कूल मो डी याने बिझी बी या लोकप्रिय एमसीला भर कार्यक्रमात ललकारले. मो डीने त्याच्यावर जे वार केले त्यांत दुसऱ्याचे उचलल्याचा आरोपही होता. त्या रात्रीच्या ध्वनिफिती हातोहात गेल्या. तेव्हापासून नुसते हसविणाऱ्या एमसीपेक्षा स्वतः घडवून लिहिणाऱ्या एमसीचा मान वाढला, असे या कलेचा इतिहास सांगणारे मानतात.

मात्र या नियमाचा सर्वांत मोठा भंग त्याआधीच, आणि तोही रॅपला जगभर नेणाऱ्या पहिल्या मोठ्या गाण्यातच, होऊन गेला होता. हा प्रसंग होतकरू रॅपरने मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

१९७९ साली न्यू जर्सीतील एंगलवूड येथे सिल्व्हिया रॉबिन्सन या गायिका-निर्मातीला रॅपची तबकडी काढावयाची होती. ब्राँक्समधील नामांकित एमसींना तेव्हा हे प्रकरण तबकडीत मावेल असेच वाटत नव्हते. रॉबिन्सन यांना हेन्री जॅक्सन ऊर्फ बिग बँक हँक हा एका पिझ्झाच्या दुकानात काम करणारा तरुण सापडला. तो ब्राँक्समधील ग्रँडमास्टर कॅझ या एमसीचे व्यवस्थापन पाही आणि कामावर त्याच्या ध्वनिफिती लावून सोबत म्हणत असे. निर्मातीला वाटले, हाच रॅपर! हँकपाशी स्वतःची कडवी नव्हती. तो कॅझकडे गेला. कॅझने आपली वही त्याच्यापुढे टाकली आणि हवे ते घे म्हणून सांगितले. आपला माणूस पुढे गेला तर आपलेही भले होईल, असा त्याचा हिशेब.

'शुगरहिल गँग' या नावाने 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे निघाले आणि देशोदेशी गाजले. त्यात हँक ज्या कडव्याने प्रवेश करतो त्यात 'कॅसानोव्हा' हे नाव एकेक अक्षर सुटे करून सांगितलेले आहे. हँकला कोणी कधी कॅसानोव्हा म्हटले नव्हते. ते कॅझचे आधीचे टोपणनाव होते! आपल्याकडे अभंगाच्या शेवटी तुका, चोखा, जनी अशी कर्त्याची नाममुद्रा येते. वामनदादा कर्डकांच्या गीतांतही 'वामन' हे नाव येते. कॅझने तशीच आपली मुद्रा कडव्यात गुंफली होती. हँकने कडवे घेतले ते मुद्रेसकट घेतले, आणि तबकडीवर लेखक म्हणून कॅझचे नाव मात्र आले नाही. मानधनही त्याला मिळाले नाही. आजही ते गाणे लावले की खऱ्या कर्त्याचे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते.

याच गाण्याची दुसरी बाजू तितकीच बोधप्रद आहे. त्यामागचे संगीत 'शीक' या वाद्यवृंदाच्या त्याच वर्षीच्या 'गुड टाइम्स' या गाण्यावरून वादकांनी पुन्हा वाजवून घेतले होते. शीकचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायदेशीर कारवाईची भाषा करताच त्यांची नावे लेखक म्हणून लागली. ज्यांच्यापाशी करारपत्रे आणि वकील होते त्यांना नाव मिळाले, आणि ज्याच्यापाशी नुसती वही होती तो राहून गेला. रस्त्यावरचा नियम सांगत होता की संगीत घ्या, शब्द घेऊ नका. बाजारात घडले ते नेमके उलट.

१९८० च्या दशकात ध्वनीचे तुकडे साठवून हवे तसे वाजविणारी यंत्रे हाती आली. या तुकड्यास 'सॅम्पल' म्हणतात. पब्लिक एनिमी या गटाचा १९८८ चा संग्रह किंवा डे ला सोल यांचा १९८९ चा पहिला संग्रह ऐकावा. गोधडीत जशा अनेक लुगड्यांच्या चिंध्या असतात आणि तरी गोधडी शिवणारीचीच असते, तसा तो प्रकार आहे. पण डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिझ मार्की याच्याविरुद्ध निकाल लागला. गिल्बर्ट ओ'सलिव्हन या गायकाच्या गाण्याचा तुकडा त्याने परवानगीवाचून वापरला होता. न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालपत्राचा आरंभच चोरी न करण्याच्या बायबलमधील आज्ञेने केला. मार्कीने १९९३ च्या आपल्या पुढील संग्रहाला 'सर्व सॅम्पल्स परवानगीने' अशा अर्थाचे नाव देऊन सूड उगविला, हे निराळे. या निकालानंतर प्रत्येक तुकड्यामागे परवानगी आणि पैसा लागू लागला. बड्या कंपनीच्या कलावंताला ते जमते, नवख्याला जमत नाही. डे ला सोलचे जुने संग्रह तर या परवानग्यांच्या गुंत्यामुळे मार्च २०२३ पर्यंत इंटरनेटवरील संगीतसेवांवर येऊ शकले नाहीत.

कायदा असा कडक असूनही गरीब वादकाला त्याचा लाभ झाला असे समजू नये. 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या १९६९ च्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन या ढोलवादकाने सुमारे सहा सेकंदांचा एकट्याचा ठेका वाजविला आहे. 'आमेन ब्रेक' या नावाने तो पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ साली तो बेघर अवस्थेत वारला. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी करून सुमारे २४ हजार पौंड जमविले, ते वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना पोचले. तेव्हा 'संगीत सर्वांचे' हा रस्त्यावरचा नियम मला तरी पुरता निर्दोष वाटत नाही. घेणारा गरीब होता हे खरे, पण ज्याचे घेतले तोही श्रीमंत नव्हता.

असो. होतकरूने शिकावे कसे, हा आता खरा प्रश्न आहे. अनुकरणावाचून कोणतीही कला येत नाही. रॅपची ओळ साधारणपणे चार ठोक्यांची असते आणि सोळा ओळींचे एक कडवे धरतात. आरंभीच्या रॅपमध्ये यमक हमखास ओळीच्या शेवटी, चौथ्या ठोक्यावर पडे. १९८७ साली एरिक बी आणि राकिम यांचा 'पेड इन फुल' हा संग्रह आला आणि हा साचा मोडला. राकिम सॅक्सोफोन वाजवीत असे, जॉन कोल्ट्रेनचे वादन त्याने मन लावून ऐकले होते. त्या वाद्यातील श्वासाची वळणे त्याने बोलण्यात आणली. यमके ओळीच्या पोटात पेरली, वाक्य एका ओळीत न संपविता पुढच्या ओळीत नेले. पुढच्या पिढीतील चांगला रॅपर राकिम ऐकूनच घडला. या सर्वांस कोणी चोर म्हटले नाही, कारण त्यांनी त्याची युक्ती घेतली आणि तीत आपली गोष्ट सांगितली. त्याची वाक्ये, त्याचा आवाज, त्याच्या आयुष्याची सोंगे घेतली असती तर म्हटले असते.

सीमारेषा नेहमीच इतकी स्पष्ट नसते. एप्रिल १९९४ मध्ये नास याच्या पहिल्या संग्रहावर त्याचे लहानपणीचे छायाचित्र होते. सप्टेंबरात नोटोरियस बी.आय.जी. याच्या संग्रहावर एक तान्हे मूल आले. पुढच्याच वर्षी रेक्वॉनने आपल्या संग्रहात त्यावरून टोमणा मारला. मुखपृष्ठावरून भांडण म्हणजे अतीच झाले, असे आपणास वाटेल. पण ज्यांच्यापाशी नाव सोडून दुसरे भांडवल नाही ते नावाला जपणारच. २०१५ साली मीक मिल याने ड्रेकवर दुसऱ्याकडून कडवी लिहून घेतल्याचा जाहीर आरोप केला, तेव्हाही केवढे वादळ उठले! चित्रपटातील गायक गीतकाराचे शब्द गातो याचे आपणास काही वाटत नाही. रॅपर मात्र 'मी' म्हणतो आणि ऐकणारा तो 'मी' खरा धरून चालतो. तो 'मी' दुसऱ्याने लिहिलेला निघाला की विश्वास तुटतो.

हल्ली इंटरनेटवर अमक्या प्रसिद्ध रॅपरच्या धाटणीचा ठेका म्हणून तयार ठेके विकत वा फुकट मिळतात. एप्रिल २०२३ मध्ये तर ड्रेक आणि द वीकेंड यांच्या यंत्राने बनविलेल्या आवाजांतील एक गाणे लाखो लोकांनी ऐकले, मग कंपनीच्या हरकतीनंतर ते काढण्यात आले. वर्षभराने स्वतः ड्रेकनेच दिवंगत तुपाक शकूरचा कृत्रिम आवाज एका गाण्यात वापरला आणि तुपाकच्या वारसांची नोटीस येताच ते मागे घेतले. नक्कल इतकी सोपी झाल्यावर नवख्याजवळ नक्कल न होणारे असे काय उरते? त्याची गल्ली, त्याची बोली आणि त्याने पाहिलेले जग.

मुंबईचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कुर्ल्याचा नेझी मुलगा असताना शॉन पॉल या जमैकन गायकाचे गाणे तोंडपाठ म्हणून दाखवी. अंधेरीचा डिव्हाइन आरंभी इंग्रजीतच रॅप करीत असे. दोघांची ओळख झाली ती मात्र त्यांनी गल्लीतली हिंदी धरल्यावर. २०१४ साली नेझीने आयपॅडवर स्वतःच चित्रित केलेले 'आफत', २०१५ साली दोघांचे 'मेरे गली में', आणि २०१९ साली त्यांच्या जीवनावरून स्फुरलेला 'गली बॉय' हा चित्रपट, असा हा प्रवास झाला. आपणास तो नवा वाटू नये. १९७२ साली दलित पँथरने नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. पण त्याच वर्षीच्या नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तील भाषा कोणत्याही अमेरिकन कवीची नव्हती, ती कामाठीपुऱ्याची होती.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी येथे एक अडचण सांगितली पाहिजे. मराठी वाक्य क्रियापदाने संपते. त्यामुळे 'जातो, येतो, गातो' किंवा 'केलं, गेलं, मेलं' अशी यमके काही न करता आपोआप जमतात, आणि सोळाच्या सोळा ओळी त्यांवरच निभावतात. ऐकणाऱ्यास पुढचा शब्द आधीच कळतो, मग गंमत राहत नाही. क्रियापद आधी आणून नाम शेवटी ठेवावे, किंवा यमक ओळीच्या पोटात न्यावे. दुसरे असे की, इंग्रजीत जोर दिलेले अक्षर ठोक्यावर येते, आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा तोल असतो. अमेरिकन चाल जशीच्या तशी बसविली की 'मन' चे 'मान' होते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी या बोलींचे स्वतःचे हेल आहेत, त्यांतून नवी वळणे निघू शकतात. पोवाड्याची फेक आपल्या कानात आहेच. पण पोवाड्याची नक्कल करणे हेही अखेर बायटिंगच.

नावाचा प्रश्न आपल्या देशातही सुटलेला नाही. तमिळ रॅपर अरिवू याचे धी या गायिकेसोबतचे 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे २०२१ साली देशभर गाजले. आपल्या आजीच्या पिढीतील भूमिहीन मजुरांची कथा त्याने त्यात आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी आणि दुसरा एक रॅपर झळकले, अरिवू नव्हता. चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित यांनी याविरुद्ध आवाज उठविला, नंतर त्या मासिकाने अरिवूचे वेगळे मुखपृष्ठ काढले. २०२२ साली हे गाणे चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये त्याच्यावाचून सादर झाले तेव्हा त्याने ते आपणच रचल्याचे जाहीरपणे सांगितले; संगीतकार संतोष नारायणन यांनी ते तिघांचे मिळून असल्याचे म्हटले. कोणाचा वाटा किती हे आधी कागदावर स्पष्ट नसले म्हणजे वाद असा चव्हाट्यावर येतो.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कडवे लिहून झाले की त्यावर लिहिणाऱ्याचा हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र वाद झाल्यास पुराव्यास उपयोगी पडते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराला आणखी एक आधार दिला आहे. ध्वनिमुद्रिकेतील किंवा चित्रपटातील गीताचा हक्क कंपनीला दिला तरी मानधनातील आपला समान वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही, तशी सही घेतली तरी ती निरर्थक ठरते. गीतकार-संगीतकारांचा हा वाटा गोळा करणारी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' ही संस्था १९६९ पासून मुंबईत आहे आणि नवख्यालाही तिचे सदस्य होता येते. वहीत प्रत्येक कडव्याखाली तारीख घालावी. ठेका कोणाचा, शब्द कोणाचे, हे गाणे इंटरनेटवर चढविण्यापूर्वी एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मित्रामित्रांत कागद कशाला, असे वाटेल. हँक आणि कॅझ हेही मित्रच होते.